थंडीतल्या कॅम्पिंगला स्लीपिंग बॅग डाऊन (पक्ष्यांच्या मऊ पिसांची) घ्यावी की हॉलोफायबर (पोकळ सिंथेटिक धाग्यांची)?

साल्हेर गडावर डिसेंबरात मुक्काम, बजेट कमी आणि भाऊ तू स्लीपिंग बॅगवर अडकलायस, तर ऐक. बॅगवर मोठ्ठ्या अक्षरात छापलेलं मायनस टेंपरेचर बघूच नको, ते बऱ्याचदा एक्स्ट्रीमचं असतं म्हणजे जेमतेम जीव वाचेल इतकंच, झोप लागायला कम्फर्टचा आकडा बघ, आपल्याकडे 5 डिग्रीवाली पुरते.

वजनात डाऊनच पुढे, पिसं दाबली की एवढीशी होते. हॉलोफायबर तेवढ्याच उबेला जड आणि सॅकमध्ये जागा खाते, पण किमतीत बरीच स्वस्त आहे.

खरा मुद्दा दवाचा. पहाटे टेंटला आतून थेंब धरतात, पायाकडची बाजू कापडाला टेकून ओली होते, आणि डाऊन भिजली की पिसांचे गोळे होतात, ऊब गेलीच. हॉलोफायबर ओलसर असली तरी बऱ्यापैकी ऊब देते, उन्हात टाकली की लवकर सुकते, धुवायलाही कटकट नाही. मॅट मात्र दोन्हीला लागतेच, अंगाखाली दबलेलं फिलिंग काही कामाचं नाही.

नाशिकच्या आसपासचेच गड करणार असशील तर हॉलोफायबर घे बिनधास्त. हिमालयात पाठीवर सामान घेऊन जायचं पक्कं असेल तरच थांब, पैसे साठव आणि डाऊन घे.