संस्थेची निवडणूक: बटण की शिक्का?

संस्थेच्या कार्यकारिणीची निवडणूक तोंडावर आली की यंत्रं भाड्यानं आणायची की मतपत्रिका छापायच्या, हा वाद हमखास होतो. यंत्र कसं चालतं हे मतदाराला सांगायला नको, म्हणून ते सोडून देतो. आमच्याकडे दोन्ही करून झालं आहे, आणि दोन्ही वेळी निवडणूक निर्णय अधिकारी मीच होतो.

यंत्राचे गुण खरे आहेत. मत बाद होत नाही, म्हातारी माणसं गोंधळत नाहीत, निकाल चहा संपायच्या आत लागतो. कागदाचा त्रासही खरा आहे. एकाच जागेची निवडणूक असेल तर सोपं असतं: उमेदवारनिहाय ढीग लावायचे, गड्ड्या बांधायच्या. पण ११ जागा असतील आणि एकाच पत्रिकेवर ११ शिक्के असतील, तर ढीग लावताच येत नाहीत. प्रत्येक पत्रिका मोठ्यानं वाचायची आणि तक्त्यावर रेघा ओढायच्या. एखाद्यानं १२ शिक्के मारले की पत्रिका बाद. शाई ओली असताना घडी घातली तर ठसा समोरच्या नावावरही उमटतो. सरकारी निवडणुकीतल्या फुलीला टोकांशी बाण असतात ते यासाठीच: उमटलेला ठसा उलटा दिसतो आणि खरा कोणता ते कळतं. साधी फुली असलेला शिक्का घेऊ नका.

मला मात्र एकाच गोष्टीनं कागदाकडे वळवलं. यंत्राच्या वर्षी एक उमेदवार अगदी थोडक्यात पडला आणि त्यानं फेरमोजणी मागितली. मी निकालाचं बटण पुन्हा दाबलं. तोच आकडा आला. त्यानं आरोप केला नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच विचारलं, "साहेब, पण यात मोजलं काय?" यंत्र बरोबर होतं याबद्दल मला आजही शंका नाही. पण त्याच्यापुढे ठेवायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं, आणि हे मला फार लागलं.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं २००९ साली जवळपास हाच मुद्दा धरला होता: मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. आपल्याकडे त्यावर व्हीव्हीपॅटचा, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या जोडयंत्राचा तोडगा निघाला. २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत तो प्रथम वापरला गेला. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. आम्ही आणलेल्या भाड्याच्या यंत्रांना चिठ्ठीची सोय नव्हती. तुम्हाला दाखवतील त्यांना आहे का, हे सगळ्यात आधी विचारा.

देशाच्या निवडणुकीचं गणित वेगळं आहे, हे मान्य. केंद्रं लाखोंनी आहेत, शिवाय बूथ बळकावण्याचा इतिहास आहे. मिनिटाला चार-पाचच मतं घेणारं यंत्र तिथं मोठी राखण करतं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये कागदाकडे परतायला नकार दिला, तो मला पटतो. पण संस्थेच्या सभागृहात सगळे एकमेकांना ओळखतात. तिथली भीती बूथ बळकावण्याची नसते, निकालानंतर वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या संशयाची असते.

मतदार हजारोंनी असतील तर मतपत्रिका स्कॅनरनं मोजण्याचा मधला मार्ग आहे. वेग मिळतो आणि कागदही हाती राहतो. २०२० मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात स्कॅनरच्या मोजणीवर वाद झाला, तेव्हा अध्यक्षपदाची सुमारे ५० लाख मतं हातानं मोजून दाखवता आली. ऑनलाइनबद्दल फार लिहीत नाही. एस्टोनियात ते २००५ पासून चाललं आहे, पण तिथं प्रत्येकाकडे डिजिटल ओळखपत्र आहे, आणि दडपणाखाली दिलेलं मत नंतर बदलताही येतं. आपल्या ओटीपीमागे घरातलं नेमकं कोण बसलंय, ते कळायला मार्ग नाही.

एकदोन जागा असतील आणि यंत्राला चिठ्ठी असेल, तर यंत्र घ्यायला हरकत नसावी. आमच्यासारखी ११ जागांची निवडणूक असेल तर मी कागदच घेईन. वाचणारा एक, बघणारा एक, रेघा ओढणारे दोन. दर २५ पत्रिकांनंतर दोन्ही तक्ते जुळवून प्रतिनिधींच्या सह्या. रात्री उशीर होतो. गड्ड्या मात्र तक्रारीची मुदत संपेपर्यंत सीलबंद ठेवा, आणि कुणी मागितलं तर त्याच्यासमोर फोडून पुन्हा मोजा.