लघुग्रहांचे वर्गीकरण करून देणारी एमआयटीची ऑनलाइन सेवा: परीक्षण

पृथ्वीजवळून जाणाऱ्या एखाद्या लघुग्रहाचा वर्णपट, म्हणजे तो कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत फेकतो याचा आलेख, हाती असेल, तर तो कोणत्या वर्गातला हे सांगणारी एमआयटीची ही सेवा २००९ साली प्रसिद्ध झालेल्या बस-डिमियो पद्धतीवर चालते. ०.४५ ते २.४५ मायक्रॉनमधल्या ३७१ वर्णपटांवरून बेतलेल्या या पद्धतीत २४ वर्ग आहेत. तरंगलांबी आणि परावर्तन अशा दोन स्तंभांची साधी फाइल तिला पुरते.

मी इटोकावा या पृथ्वीजवळच्या लघुग्रहावर पारख केली, कारण त्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे. आलेखात १ मायक्रॉनजवळ खोल आणि २ मायक्रॉनजवळ पसरट, उथळ अशी दोन खोलगटे दिसतात. पहिले ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन या दोन्ही खनिजांमुळे पडते, तर दुसरे पायरॉक्सीनमुळेच. म्हणून दोन्हींच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तरावरून खनिजांचे परस्पर प्रमाण काढता येते. सेवेने इटोकावाला बिनचूक एस, म्हणजे दगडी लघुग्रहांच्या, गटात बसवले, मात्र गुणोत्तराचा हिशेब आपला आपणच करावा लागतो, आणि खरी रचना त्या हिशेबातच उलगडते. इटोकावा एलएल कॉन्ड्राइट या कमी लोहाच्या दगडी अशनींसारखा असावा, असे २००१ मध्ये जमिनीवरच्या निरीक्षणांवरूनच मांडले गेले होते. हायाबुसा या जपानी यानाने तिथून २०१० मध्ये आणलेल्या कणांनी ते खरे ठरवले.

एक्स गटाशी गाठ पडली की मात्र सेवेच्या उत्तराचा फारसा उपयोग राहत नाही. तिथला वर्णपट म्हणजे जवळजवळ सरळ, किंचित चढती रेघ, आणि ती धातूची, एन्स्टॅटाइट या फिकट खनिजाची किंवा काळ्या कार्बनी द्रव्याची, कशाचीही असू शकते. पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशापैकी किती परत फेकतो, हे औष्णिक अवरक्त निरीक्षणांतून कळले तरच निवाडा होतो: ३० टक्क्यांहून अधिक असेल तर एन्स्टॅटाइट, १० टक्क्यांहून कमी असेल तर काळे द्रव्य, आणि मधल्या पट्ट्यात धातूची शक्यता, तीही खात्रीने नव्हे.

वर्णपटात दृश्य प्रकाशाचा भाग नसेल, तर बहुधा एकाहून अधिक वर्ग संभवतात. वर्गनामाच्या शेवटी 'डब्ल्यू' हे अक्षर आले, तर तो वर्णपटाचा उतार तीव्र असल्याचा शेरा आहे, एवढेच धरावे. अवकाशातील झिजेमुळे, म्हणजे सौरवारा आणि सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने पृष्ठभाग बदलल्यामुळे, उतार वाढतो हे खरे, पण पृथ्वीजवळचे लघुग्रह पुष्कळदा मोठ्या कला-कोनातून (लघुग्रहापाशी सूर्य आणि पृथ्वी यांच्या दिशांमधला कोन) पाहिले जातात आणि नुसत्या त्या कोनानेही वर्णपट लालसर होतो. म्हणून निरीक्षणाच्या वेळचा कोन फाइलशेजारी लिहून ठेवावा.