दोनच दिवस असतील तर: हलशी की गोकाक, चित्ररथ की विसर्जन?

ठाण्याचा मावसभाऊ दर वर्षी फोनवर विचारतो, "ताई, बेळगावला कधी येऊ? दोनच दिवस मिळतात." मी "केव्हाही ये की" म्हणते आणि तो येत नाही. यंदा मात्र वर्षभरात जिथं फिरले, जे बघितलं-ऐकलं, त्यातलं मनात राहिलेलं आठवून त्याला सरळ "हे कर, ते सोड" असं लिहून द्यायचं ठरवलं. दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरंच. आवड माझी आहे: बेळगावच्या शहापुरात राहणारी, स्वतःची गाडी नसलेली, तासभर उभं राहिलं की गुडघे धरणारी बाई. तेवढं वजा करून वाचा.

पाहुणा आला की पहिलं नाव गोकाकचं निघतं. धबधबा 52 मीटरचा, बेळगावपासून साधारण 60 किलोमीटर. ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा घटप्रभा भरून वाहत होती. पाण्याचा रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा, आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं. तिथल्या सूतगिरणीच्या काळचा झुलता पूल बघायची मला फार हौस, पण त्या दिवशी पुलाच्या तोंडाशी कुलूप. मग काय, कठड्याला टेकून मक्याचं कणीस खाल्लं, फोटो काढले, काठावरच्या महालिंगेश्वराच्या जुन्या दगडी देवळात डोकावलो. अर्ध्या तासात बघणं संपलं. परतताना करदंट घेतला: डिंक, गूळ आणि सुकामेव्याचा. तो मात्र गोकाकचाच खावा, बेळगावच्या दुकानात मिळतो त्याला ती चव येत नाही असं माझं ठाम मत आहे. घरात कुणालाच ते पटत नाही.

हलशीला नोव्हेंबरात गेले, एकटी. बेळगाव-खानापूर बस, खानापूरहून नंदगड, नंदगडहून पुढची बस येईना म्हणून वडाप, म्हणजे माणशी पैसे घेणारी जीप. अंतर 40-45 किलोमीटरच, पण सकाळी आठला निघालेली मी पोचले साडेअकराला. जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, त्यामुळे वडापचे पैसे सोडले तर माझा खर्च शून्य. भावाला मात्र तिकीट काढावं लागेल, आणि बसायला जागा मिळेलच असं नाही.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंब राजांची दुसरी राजधानी. आज बघाल तर कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेलं भात, दारात बांधलेल्या म्हशी, आणि घरांच्या मधोमध भूवराह नरसिंहाचं बाराव्या शतकातलं देऊळ. या देवळाला समोरासमोर दोन गाभारे आहेत. एकीकडे बसलेला विष्णू, दुसरीकडे पृथ्वी उचलून धरणारा वराह. मधल्या मंडपात उभं राहिलं की एका देवाला हात जोडताना दुसऱ्याकडे पाठ होते. मी दोनदा वळले, तिसऱ्यांदा वळायला लागले तेव्हा खांबाशी वाती वळत बसलेली म्हातारी म्हणाली, "बस गं बाई, दोघांनाबी ठाऊक हाय तू आलीस ते." मी बसले. अर्धा-पाऊण तास तिथं तिसरं माणूस आलं नाही. दारातून येणारं ऊन मंडपातल्या घासून गुळगुळीत झालेल्या फरशीवर पडलं होतं, आणि उन्हाच्या त्या पट्ट्यात एक मांजर झोपलं होतं.

येताना नंदगडला उतरले. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा, त्याला इंग्रजांनी 1831 मध्ये इथं फाशी दिलं. समाधीपाशी झाडाला लाकडी पाळणे बांधलेले दिसतात, बोटभर ते वीतभर. मूल व्हावं म्हणून नवस बोलणाऱ्या बायका ते बांधतात. फाशी गेलेल्या माणसाकडे लोक पाळणा मागतात, हे मी वर्षभरात पाहिलेलं सगळ्यात चटका लावणारं दृश्य. काही पाळण्यांचा रंग पार उडालेला होता, एक अगदी कोरा, दोरीसुद्धा पांढरी.

तेव्हा पर्यटन म्हणून, लहान पोरं बरोबर असतील, गाडी असेल, पाऊस भरपूर झाला असेल तर गोकाक. एरवी हलशी-नंदगड, आणि गाडी असेल तर तसंच पुढं कित्तूरजवळच्या देगावला कदंबांची राणी कमलादेवी हिनं बांधवलेलं कमलनारायणाचं देऊळ. आंबोलीचं विचारू नका. ती तशीही महाराष्ट्रातच येते, आणि पावसाळ्यातल्या रविवारी तिथं धबधब्यापेक्षा गाड्याच जास्त वाहतात. खानापूरच्या जंगलातले धबधबे यादीत धरायचे तर आधी वनखात्याची बंदी आहे का ते विचारा. उगाच नाक्यावरून परत यावं लागतं.

आता सणांचं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन की शिवजयंतीचे चित्ररथ, यावर आमच्या गल्लीत भांडणं होतील, पण मी चित्ररथाच्या बाजूची.

विसर्जन भव्य असतं यात वाद नाही. चतुर्दशीला संध्याकाळी सुरू झालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कपिलेश्वर तलावाकडे सरकतच असते. पण यंदा मी रात्री दहा ते एक एका चौकात उभी होते, आणि लक्षात काय राहिलं तर छातीत धडधडणारा डॉल्बी. माझ्यापुढून मूर्ती गेल्या, पण एकही नीट आठवत नाही. सकाळी सहाला पुन्हा गेले तेव्हा बरं वाटलं. ढोलवाल्या पोरांचे आवाज बसलेले, रस्त्यावर गुलालाचा चिखल, आणि चहाच्या गाड्यावर रात्रभर नाचलेली पोरं गप्प उभी. विसर्जन बघायचंच तर असं पहाटे बघा.

चित्ररथात डॉल्बी नसतो असं नाही. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गल्लीतली पोरं-पोरी जिवंत देखावा करतात, आणि त्यासाठी पंधरा-वीस दिवस आधीपासून रात्री जेवणं उरकून तालमी चालतात. यंदा शेजारचा सहावीतला मुलगा मावळा होता. रात्री एकच्या सुमाराला त्यांची ट्रॉली आमच्यापुढं आली तेव्हा हा पठ्ठ्या पुठ्ठ्याच्या बुरुजाला टेकून गाढ झोपलेला, डिंकानं चिकटवलेली मिशी एका बाजूनं सुटून हनुवटीवर लोंबत होती. त्याची पाळी आली तशी महाराज झालेल्या कॉलेजच्या पोरानं संवाद चालू ठेवून पायानं त्याला ढोसलं. हा ताडकन उठला, मिशी तळहातानं दाबून धरली आणि सगळं वाक्य एका दमात म्हणून मोकळा झाला. त्याची आजी माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसली होती. टाळ्या थांबल्यावर म्हणाली, "घरी पाढे म्हण म्हटलं तर येत नाहीत याला." देखाव्यातली चूक बघणाऱ्यांनाही माहीत असते आणि करणाऱ्यांनाही, कारण दोघं एकाच गल्लीतले. असली मजा मला मोठ्या मंडपातल्या आरासीत कधी आली नाही.

तिसरी जोडी साहित्याची, आणि इथं फार तुलना नको. शहरातल्या व्याख्यानमालेत वक्ते चांगले येतात, खुर्च्या बऱ्या असतात. पण हिवाळ्यात येणं झालं तर कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी अशा एखाद्या गावचं मराठी साहित्य संमेलन गाठा. सकाळी ग्रंथदिंडी निघते, शाळेची पोरं लेझीम खेळतात, बायका दारात पालखीची वाट बघत उभ्या असतात. भाषणं कधी लांबतात, हे खरं. मी गेले तिथं परिसंवाद इतका रेंगाळला की कवींना जेवणानंतरच्या पेंगुळल्या मंडळींपुढं कविता वाचाव्या लागल्या. तरी एका शेतकरी कवीनं नांगरलेल्या वावरावर चार ओळी म्हटल्या आणि मागच्या ओळीतून "परत म्हणा" अशी हाक आली. आमटी-भाताच्या पंगतीला नाव-गाव कुणी विचारलं नाही, फक्त "अजून वाढू?" एवढंच.

भावा, तुझ्यापुरतं सांगते: वैशाखात ये. पहिल्या दिवशी सकाळी खानापूरची बस धरून हलशी, संध्याकाळी परत. उन्हाचं पाणी बरोबर ठेव. दुसऱ्या दिवशी दुपारी झोप काढ, रात्री चित्ररथ. फक्त तिकीट काढताना एक बघ. तुमच्याकडची 19 फेब्रुवारी धरू नकोस. इथं जयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, आणि मिरवणूक त्यानंतर एखाद-दोन दिवसांनी. नक्की कुठल्या रात्री ते आठवडाभर आधी मला फोन करून विचार. खुर्ची मी धरून ठेवते, आजीच्या शेजारची.