टॉवेलवाल्यांच्या घरात टॉवेलला भ्यालेला पक्षी : ट्रेनिंग सेट आठ महिने वापरल्यावर

पाचपैकी तीन तारे. स्टँडला चार, काठीला दोन, क्लिकरला एकही नाही. सरासरी जुळत नाही हे मलाही दिसतंय, पण हिशोब शेवटी पक्ष्याने केलाय, मी नाही.

पक्ष्याला शिकवायचा हा सेट नोव्हेंबरच्या शेवटी ऑनलाइन मागवला, 1,350 रुपयांना. डब्यात लाकडी आडव्या दांडीचा टेबल-स्टँड, खाली स्टीलचा ट्रे, एक क्लिकर, टोकाला लाल गोळी असलेली अँटेनासारखी लांबणारी काठी आणि खाऊ ठेवायची कापडी पिशवी. पिशवीत सध्या माझ्या मशीनच्या बॉबिन असतात. तिच्याबद्दल एवढंच.

आधी घरची गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर बाकीचं कळणार नाही. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. नवरा कारखान्यात, मी आणि अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, घरी टेरी टॉवेलच्या कडा शिवतो. डझनावर पैसे. त्यामुळे आमच्या हॉलमध्ये सोफा दिसत नाही, टॉवेल दिसतात. त्यातच मशीनशेजारी तुऱ्याचा पिंजरा. तुऱ्या म्हणजे करडा कॉकाटिल, दुकानात सगळे कॉकटेलच म्हणतात. शेजारचे त्याला पोपट म्हणतात, म्हणू देत, लांबचा भाऊबंदच आहे. पण आपल्याकडचा हिरवा पोपट घरात ठेवायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, म्हणून हा. लेकीने हट्टाने आणला, ती कॉलेजला गेली, तो मला राहिला. दीड वर्ष मी शिवत असताना माझ्या खांद्यावर बसून सुताची टोकं ओढायचा.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री बोळात कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. बाराच्या पुढची वेळ, घरात मिट्ट काळोख, पिंजऱ्यावर चादर. कॉकाटिल रात्री दचकला की अंधारात सरळ वर उसळतो, गजांवर आपटतो, त्या आवाजाने आणखी घाबरतो, परत आपटतो. मी लाइट लावला तेव्हा पिंजऱ्याच्या ट्रेमधला कागद लाल झाला होता. पंखातलं नवं फुटलेलं पीस मोडलं होतं. नव्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असतं, ते मोडलं की नळ गळावा तसं गळतं. मी काय केलं? हाताशी होतं ते उचललं. मरून रंगाचा टॉवेल. दार उघडलं, वरून टॉवेल टाकला, उजव्या हाताने त्याला घट्ट आवळला आणि नवऱ्याने चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबलं. रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पीस बघितलं, ठीक आहे म्हणाले, आणि मग मी कसं धरलं होतं ते विचारलं. दाखवलं तर त्यांचा चेहरा बदलला. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच श्वास. छाती आवळली की तो गुदमरतो. म्हणजे माझ्या हातात तो दोन मिनिटं काय अनुभवत होता ते मला दिवाळीच्या पाडव्याला कळलं.

फटाका तो आठ दिवसांत विसरला. हात विसरला नाही. आणि टॉवेल! सोलापुरात, आमच्या घरात, दिवसाला दहा-बारा डझन टॉवेल इकडचे तिकडे होतात. प्रत्येक घडी उचलली की तो मागच्या गजांना चिकटायचा, तुरा डोक्याला सपाट, चोच उघडी, सापासारखा फुत्कार.

मग पहिली चूक, म्हणजे खरं तर दुसरी. ओळखीतले एक कबुतरं पाळणारे म्हणाले, हात आत घालून ठेवा, चावू द्या, चार दिवसांत गार पडतो. घातला. बोटाला दोनदा रक्त आलं. पाचव्या दिवशी खरंच गार पडला. चावेना, ओरडेना, हात लागला तरी हलेना. मला वाटलं, जमलं. मग लक्षात आलं की तो शीळही घालत नाही. माझ्यासमोर खात नाही, मी स्वयंपाकघरात गेले की खातो. डॉक्टरांकडे परत वजन केलं तर 92 ग्रॅमवरून 84. एवढ्याशा जीवाचे आठ ग्रॅम म्हणजे आपले पाच-सहा किलो धरा. त्याची सवय वगैरे काही झाली नव्हती. त्याने आशा सोडली होती. त्या दिवसापासून पिंजऱ्यात हात घालणं बंद. वाट्या बाहेरून सरकवायच्या, बाकी सफाई खालचा ट्रे ओढून.

या टप्प्यावर सेट आला.

क्लिकरचं तत्त्व चांगलं आहे. पक्ष्याने हवं ते केलं की त्याच क्षणी 'टिक', आणि लगेच खाऊ. त्याला नेमकं कशाबद्दल मिळालं ते कळतं. पण यातला क्लिकर पत्र्याचा, आवाज असा की आधीच फटाक्याला भ्यालेल्या पक्ष्याजवळ तो वाजवणं म्हणजे जखमेवर मीठ. मोज्यात गुंडाळून बघितला, बॉलपेनचं बटण करून बघितलं, शेवटी जिभेने टाळूला 'टक्' करायला लागले. फुकट आहे, हरवत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात.

काठीचं तसंच. चकचकीत, लांबणारी, टोकाला लाल गोळी. पक्ष्याने गोळीला चोच लावायची, मग खाऊ. तुऱ्याने तिला पाहून चार दिवस पिंजऱ्याच्या त्या बाजूला जाणंच सोडलं. ती मी कपाटात टाकली आणि डिसेंबरात हुरडा आला.

लेकीच्या मैत्रिणीचं शेत मंगळवेढ्याकडे आहे, तिने पिशवीभर कणसं पाठवली. आपण भाजून खातो, याच्यासाठी कच्चीच, नुसती धुऊन. एक कणीस पिंजऱ्याच्या बाहेर लांबून टेकवलं. तुरा सपाटचा जरासा उचलला. दुसऱ्या दिवशी एक दाणा ओढला. तीच माझी टार्गेट काठी झाली : कणसाचा लांब दांडा. आधी दांडा हातभर, मग वीतभर, मग बोटभर. जे खायचंय ते आणि ज्याला चोच लावायचीय ते एकच असल्यामुळे शिकवायचं काही उरलंच नाही. हुरडा संपल्यावर राळ्याची वाळकी कणसं चालली. एक सूचना मात्र : ज्वारीला मोड आणून देऊ नका. कोवळ्या ज्वारीने जनावराला किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, मोडातही तेच विष असतं. आणि उपाशी ठेवून खाऊची किंमत वाढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एवढा लहान पक्षी उपवास झेलत नाही. रोजचं खाणं वाटीत कायम, फक्त आवडीची गोष्ट माझ्याकडून.

या सगळ्यात वाचायचा असतो तो तुरा. ताठ उभा म्हणजे काहीतरी दिसलंय, सावध. सपाट चिकटलेला म्हणजे पुरे, मागे व्हा. थोडा मागे कललेला, सैल, एक पाय पोटात म्हणजे तुम्ही त्याला चालताय. झोपेआधी चोचीची खरखर ऐकू आली तर दिवस चांगला गेला. मी खुर्ची सहा फुटांवर ठेवून सुरू केलं. तुरा सपाट झाला की खुर्ची वीतभर मागे, त्याच क्षणी, रागावून नाही. चार-पाच दिवसांत त्याला कळलं की तुरा पाडला की बाई मागे जाते. आणि हे कळल्यावर तो तुरा कमी पाडायला लागला! मला हे अजून नवल वाटतं.

अत्तम्मांनी हा सगळा खटाटोप बघून एकदाच तोंड उघडलं. "अगं, तू त्याच्याकडे बघत बसतेस, मांजर बसते तशी. बघू नको." त्या स्वतः त्याला कधी हाक मारत नाहीत. पिंजऱ्याकडे पाठ करून तेलुगूत टॉवेल मोजतात, ओकटी, रेंडू, मूडू. आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा तो कुणाच्या अंगावर बसला तर त्यांच्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पिंजऱ्याचं दार उघडं असताना, सरळ खांद्यावर. त्या मोजत राहिल्या. मी मशीनवर बसून रडले, त्यात एक कड वाकडी गेली.

आता स्टँड. सेटमधली ही एकच वस्तू मी परत घेईन. पिंजऱ्याच्या दारासमोर लावला की पक्ष्याला बाहेर यायला स्वतःची जागा मिळते, तुमचा हात लागत नाही. आला तर आला, गेला तर दार उघडं. स्टँडसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजनही होतं, रिकाम्या स्टँडचं वजा करायचं. फेब्रुवारीत 91 ग्रॅम. तक्रारी दोन. दांडी एकसारखी गुळगुळीत, पाय घसरतो. मी तिच्यावर सुती दोरी गुंडाळली, पण टोकं सुटी राहू देऊ नका, नखात अडकतात. आणि पाया फार हलका. फेब्रुवारीत एकदा तो टोकावर बसला आणि स्टँड स्टीलच्या ट्रेसकट आडवा. तो खणखणाट! विकणाऱ्याला फोटो पाठवले, 'आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे' असं उत्तर आलं, पाया आला नाही. नवऱ्याने खाली दोन किलोचं लोखंडी माप बांधून दिलं आणि ट्रेमध्ये वर्तमानपत्र. असंच करा, पहिल्या दिवशीच करा. पडल्यावर आमचे सहा दिवस गेले.

त्याआधी, जानेवारीत, गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वर यात्रा झाली होती. तिच्यात होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, आमच्याकडे त्याचा धमाका खिडकीच्या काचेत ऐकू येतो. दिवाळीचा धडा लक्षात होता. पिंजरा आतल्या खोलीत, खिडकीवर दुहेरी सोलापुरी चादर, पिंजऱ्याच्या तीनच बाजू झाकलेल्या, रेडिओ बारीक आवाजात आणि झीरोचा बल्ब चालू. मी जमिनीवर बसून कडा शिवत होते, हाताने. पहिल्या आवाजाला तो उसळला, गजाला धडकला, उजेडात त्याला दांडी दिसली आणि तो परत तिच्यावर बसला. एवढंच. त्या रात्रीपासून बल्ब रोज रात्री चालू असतो. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड, कधी मध्यरात्री, मग बोळभर मोटारी सुरू. त्यालाही तो आता उसळत नाही. बल्ब सेटमध्ये नव्हता आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून अगदी किरकोळ पैशात आणला.

टॉवेलचं काम सगळ्यात लांबलं. एक तळहाताएवढी मरून कातरण हॉलच्या पार टोकाला खिळ्याला अडकवली. ती दिसली की राळा. दोन-तीन दिवसांनी फूटभर पुढे. मग मोठी कातरण. मग नॅपकिन. पांढऱ्याला तो मार्चमध्येच सरावला, मरूनला मे उजाडला. दोनदा घाई केली, दोन्ही वेळेस मागे आलो. आता गठ्ठ्यावर चालत जातो आणि टेरीच्या कड्या ओढतो. त्यात नख अडकू शकतं, म्हणून तेवढ्यापुरतं मीच त्याला खाऊ दाखवून स्टँडवर बोलावते.

उन्हाळा त्रेचाळीसच्या वर गेला तेव्हा सगळं ट्रेनिंग बंद होतं. पक्षी पंख फाकून धापा टाकत असताना कुणी शिकवू नये. कूलर आधी सुरू करून मग पिंजरा त्या खोलीत न्यायचा, सुरू होतानाचा धप्प आवाज त्याच्यासमोर नको, एवढीच काळजी.

सेट घ्यावा का असं विचाराल तर नुसता स्टँड मिळत असेल तर तो घ्या, जड पायाचा बघून. काठी आणि क्लिकरचे पैसे राळ्याला जातील. आणि 'पंधरा दिवसांत हातावर' असं डब्यावर छापलंय, ते शाईने खोडा. आमचे आठ महिने झाले.

सध्या तुऱ्या माझ्या डाव्या मनगटावर येतो, मान खाली घालून डोकं खाजवून घेतो, अत्तम्मांच्या मोजण्यावर शीळ घालतो. उजवा हात पुढे केला की अजूनही थांबतो. तुरा पाडत नाही, फुत्कारत नाही, नुसता त्या हाताकडे बघतो आणि मनगट बदलायची वाट बघतो. मी बदलते. शिवणारा हात तोच असल्यामुळे त्याला तो दिवसभर मशीनवर दिसतो, आणि काल त्याने तिथे येऊन माझ्या अंगठ्याजवळचा दोरा ओढला. अंगठ्याला शिवला नाही.