फ्रान्समधली क्रूसची मेस: कोल्हापूरकरांनी काय घ्यावं, काय टाळावं

राजारामपुरीत किंवा विद्यापीठाच्या परिसरात मेस लावली, महिन्याचे पैसे भरले, की दोन्ही वेळची चिंता मिटते. एका सत्रासाठी फ्रान्सला निघालेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न असतो, तिथं अशी सोय आहे का? आहे, पण अर्धीच. तिचं नाव क्रूस. सोमवार ते शुक्रवार दुपारचं जेवण म्हणून तिला तोड नाही. रात्र, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या तिच्या भरवशावर सोडल्या तर मात्र पोटाचे हाल होतात. दहापैकी सात गुण देऊ. कापलेले तीन बहुतेक वेळापत्रकाचे आहेत, स्वयंपाकाचे कमी.

क्रूस ही सरकारी संस्था. १९५५ च्या कायद्यानं ती उभी राहिली आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहं, शिष्यवृत्त्या आणि जेवण पाहते. प्रत्येक विभागाचं क्रूस वेगळं, त्यामुळे लिलला गेलेल्या मित्रानं सांगितलेलं सगळं तुलूजला लागू पडेलच असं नाही. एकाच शहरातल्या दोन स्वयंपाकघरांत फरक असतो. जेवणाच्या जागेला तिथली मुलं 'रेस्तो-यू' म्हणतात.

दराचं बघू. शिष्यवृत्ती नसलेल्या विद्यार्थ्याला एक जेवण बरीच वर्षं ३.३० युरोला मिळत होतं. फ्रेंच सरकारची सामाजिक निकषांवरची शिष्यवृत्ती असणाऱ्यांसाठी २०२० च्या सप्टेंबरपासून ते १ युरो झालं, आणि २०२१ च्या जानेवारीत कोरोनाकाळामुळे काही महिने सरसकट सगळ्यांना १ युरोत दिलं गेलं. हा दर सरकारच्या अर्थसंकल्पावर हलतो. म्हणून सीनियरनं सांगितलेला आकडा धरून बसू नका, निघण्याआधी त्या वर्षीचा दर क्रूसच्या संकेतस्थळावर पाहा. ३.३० धरला तरी महिन्यातली वीस जेवणं ६६ युरोत होतात. बेकरीतलं साधं सँडविच चार-पाच युरोच्या आसपास जातं आणि त्यानं संध्याकाळपर्यंत पोट धरत नाही. भारतातून गेलेल्यांना ही शिष्यवृत्ती सहसा नसते, पण पैशांची खरीच ओढाताण असेल तर १ युरोच्या दरासाठी वेगळा अर्ज करता येत असे. क्रूसच्या सामाजिक सेवेकडे विचारा, लाजू नका.

इथं एक खर्च वाचतो, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. फ्रान्समध्ये थेट प्रवेश घेणाऱ्याला सेवेक नावाचं शुल्क भरावं लागतं, शंभर युरोच्या थोडं वर. विद्यापीठांमधल्या करारानुसार एक्स्चेंजवर जाणाऱ्याला ते लागू नाही. आपल्या कॉलेजचा तिकडच्या संस्थेशी करार असेल तर आधी तिकडच्या आंतरराष्ट्रीय विभागाला ई-मेल करून विचारा. घाबरून आधीच भरून टाकलं, की परत मिळवताना कागदपत्रं नाचवावी लागतात.

पैसे इझ्ली नावाच्या खात्यातून जातात. तिकडच्या विद्यापीठात नोंदणी पूर्ण झाली की इझ्लीकडून खातं सुरू करण्याची ई-मेल येते. ती बऱ्याचदा विद्यापीठानं दिलेल्या नव्या पत्त्यावर येते आणि आपण जीमेल उघडून वाट बघत बसतो. ई-मेलमधल्या दुव्यावरून सांकेतिक क्रमांक ठरवायचा, बँक कार्डानं पैसे भरायचे आणि काउंटरवर विद्यार्थी कार्ड टेकवायचं किंवा मोबाइलवरचा क्यूआर दाखवायचा. अडतं ते पैसे भरताना. भारतीय कार्डाचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि तो नंबर तिकडे बंद असतो. उपाय कोल्हापुरातच करून निघायचे: बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार चालू करा, आणि इथल्या सिमवर मेसेज येण्यापुरतं रोमिंग ठेवा. भारतीय कार्डावर परकीय चलनाचा अधिभार साधारण दोन ते साडेतीन टक्के लागतो, वर त्या अधिभारावर जीएसटी. तिकडचं खातं उघडलं की इझ्लीला तेच कार्ड जोडा.

नोंदणीला वेळ लागतो आणि पहिल्या आठवड्यात हातात विद्यार्थी कार्ड नसतं. कार्डाशिवाय गेलात तर बाहेरच्या माणसाचा दर लागतो, तो दुपटीहून जास्त असतो. प्रवेशपत्र किंवा नोंदणीचा दाखला छापून जवळ ठेवा. काही काउंटरवरच्या बाई तो बघून विद्यार्थी दर लावतात, काही लावत नाहीत. त्यांच्याशी वाद घालून काही होत नाही. आधी 'बोंजूर' म्हणायचं आणि मग बोलायचं. हे न म्हणता थेट मागणी केली की समोरचा चेहरा मिटतो, मग फ्रेंच कितीही चांगली असो.

आता ताट. ट्रे, काटा-चमचा, ग्लास घेऊन रांगेत सरकायचं. हिशेब गुणांवर चालतो: एक मुख्य पदार्थ आणि सोबत ठरावीक छोट्या वाट्या, म्हणजे कोशिंबीर, चीज, दही, फळ किंवा गोड. ठरल्यापेक्षा एक वाटी जास्त उचलली की तिचे पैसे वेगळे. नवखे इथंच फसतात. रांगेतलं सगळं घ्यायचं असतं असं समजून दोन गोड आणि एक चीज उचलतात आणि काउंटरवर जास्त पैसे कापले जातात. पावाचे तुकडे कुठे मोकळेपणानं, कुठे मोजून. पाणी टेबलावरच्या भांड्यातलं, फुकट. बाटली घेऊ नका. जेवण झाल्यावर ट्रे उचलून ठरलेल्या जागी न्यायचा आणि खरकटं, कागद वेगवेगळं टाकायचं.

मुख्य पदार्थासोबत भात, पास्ता, बटाटा, घेवडा किंवा मसुरासारखी कडधान्यं असतात. वाढणाऱ्याला खूण करून भात जास्त मागितला तर सहसा नाही म्हणत नाहीत. शक्यतो गरम जेवणाच्याच रांगेत जा. त्याच दरात सँडविच किंवा पिझ्झा देणाऱ्या खिडक्याही असतात, तिथं रांग छोटी, पण रोज तेच खाल्लं तर महिन्याभरात कंटाळा येतो आणि भाजी पोटात जातच नाही. दिवसाचं खाणं क्रूसच्या मोबाइल ॲपवर दिसतं. सकाळी ते बघून ठरवायचं.

शाकाहारींची स्थिती आपल्याकडे सांगतात तेवढी वाईट नाही. १ जानेवारी २०२३ पासून, जिथं एकाहून जास्त पर्याय असतात अशा सरकारी भोजनगृहांत रोज एक शाकाहारी पर्याय ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. पण त्यांच्या शाकाहारात अंडं आणि चीज बसतं. 'वेजेतारियां' लिहिलेलं ऑम्लेट असू शकतं. अंडं नको असेल तर 'सां उफ' म्हणायचं. 'वेगान' लिहिलेलं असेल तर निश्चिंत. खरे सापळे बाजूच्या वाट्यांत असतात: किशमध्ये आणि मसुराच्या कोशिंबिरीत 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, सूपमध्ये कोंबडीचा किंवा गोमांसाचा अर्क, मूस आणि पाना कोतासारख्या गोडात जिलेटिन. काँते, कामाँबेर, रोकफोर ही नावाजलेली चीजं वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या पदार्थानं विरजलेली असतात. कडक पाळणाऱ्यांनी चीजऐवजी दही उचलावं.

आपल्या जिल्ह्यातल्या जैन मुलांना मात्र क्रूस पुरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. कांदा-बटाटा वगळून शिजवलेलं काही मिळणं जवळजवळ अशक्य. उरतं काय, तर फळं, दही आणि एखादी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी सत्र निवडतानाच विचार करावा. डिसेंबरात पॅरिसला पाचच्या आत सूर्य मावळतो आणि तास त्यानंतरही चालू असतात, म्हणजे डबा हाच मार्ग. मे-जूनमध्ये उलट, रात्री साडेनऊलाही उजेड असतो. पर्याय असेल तर जानेवारीतलं सत्र घ्या.

मांसाहारींनी काही शब्द तोंडपाठ करावेत. 'पूले' कोंबडी, 'दांद' टर्की, 'अन्यो' कोकरू, 'पोआसों' मासा. 'बफ' गाय-बैल, 'वो' वासरू, 'पोर' आणि 'जांबों' डुकराचं, 'लापां' ससा. नुसतं 'सोसिस' लिहिलेलं असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. पाटीवर 'आशे' दिसलं तर तो खिमा, आणि तो बहुधा गोमांसाचा. हलाल मिळेल असं गृहीत धरू नका. मुस्लिम मित्र बहुतेक मासा किंवा शाकाहारी ताट घेतात.

चवीबद्दल काय बोलायचं? तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या जिभेला सगळं मिळमिळीत लागणार. मीठ-मिरी टेबलावर असते. दिजों मोहरी असेल तर ती घ्या, ती नाकात चढते आणि उकडलेल्या बटाट्याला जीव आणते. कुसकुसच्या (रव्यासारख्या दाण्यांच्या पदार्थाच्या) दिवशी कधी हरिसा ही मिरचीची चटणी मिळते, ती खरी तिखट. बाकी दिवसांसाठी कांदा-लसूण चटणीची छोटी घट्ट झाकणाची डबी दप्तरात ठेवा. भातावर चिमूटभर घालून थोडं दही मिसळलं की जेवण खाली उतरतं. डबी उघडल्यावर शेजारचे वळून बघतील, त्याला इलाज नाही.

वेळ पाळणं सगळ्यात महत्त्वाचं. दुपारचं जेवण साधारण साडेअकरा ते दीड-दोन. बारा ते पाऊण या वेळात रांग दाराबाहेर जाते. तास सुटायच्या आधी किंवा एक वाजल्यानंतर जा, पण दीडला पोचलात तर चांगला पदार्थ संपलेला असतो. रात्री थोड्याच ठिकाणी चालू असतं, तेही साडेसहा ते आठच्या सुमारास. शनिवार-रविवार बहुतेक ठिकाणी कुलूप. ऑक्टोबरअखेरची तूसांची सुट्टी, नाताळचे दोन आठवडे आणि मे महिन्यातल्या एकामागून एक येणाऱ्या सार्वजनिक सुट्ट्या, या सगळ्यांत बंद. तूसांची सुट्टी अनेकदा दिवाळीच्या आसपास येते, तेव्हा फराळाचं काय ते आधी ठरवा. रविवारी सुपरमार्केटही दुपारी एकच्या सुमारास बंद होतात. शुक्रवारी संध्याकाळी खरेदी केली नाही तर रविवारी रात्री पाव आणि केळी.

म्हणून थोडा स्वयंपाक येणं भाग आहे. क्रूसच्या वसतिगृहातली स्वस्तातली खोली नऊ चौरस मीटरची, स्वयंपाकघर मजल्यावर सामायिक. शेगडी विजेची, कधी इंडक्शनची. घरचा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, आणि जड म्हणून तो नेऊच नये हे आमचं मत. लाल मसूर डाळ तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये 'लांतीय कोराय' या नावानं मिळते आणि साध्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटांत शिजते. तूर डाळीला तास लागतो, तिच्यासाठी अडून बसू नका. बेसन 'फारीन द प्वा शीश' या नावानं मिळतं, अरब दुकानांत स्वस्त. ज्वारीचं पीठ 'सोर्गो' म्हणून सेंद्रिय दुकानांत असतं, पण भाकरीचा नाद सामायिक शेगडीवर परवडत नाही. फोडणी मंद आचेवर, दार लावून आणि खिडकी उघडून द्या. मिरचीचा धूर गजर वाजवतो आणि रात्री दहाला सगळी इमारत अंगणात उभी राहते. खोलीत शेगडी लावायला बंदी असते.

नेण्याच्या सामानात युरोपीय संघाचा नियम लक्षात ठेवा: बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे आईनं बांधून दिलेलं तूप, पेढे, खव्याची बर्फी विमानतळावर जप्त होऊ शकते. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. तूप तिकडेच करा: मीठ नसलेलं लोणी, 'बर दू', २५० ग्रॅम कढवलं की साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. एका सत्राला अर्धा किलो कांदा-लसूण चटणी पुरते. दोन पिशव्यांत भरून हवा काढून सीलबंद करा, तेल सुटतं म्हणून कपड्यांपासून वेगळी ठेवा. सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, हळद, हिंग आणि दोन पिनांचे ॲडॉप्टर. आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. कढीपत्ता लागलाच तर पॅरिसमध्ये गार द्यू नॉर आणि ला शापेल परिसरातल्या तमिळ दुकानांत मिळतो.

सामायिक फ्रिजमधल्या डब्यावर नाव आणि खोली क्रमांक लिहा, तरी दही गायब होतंच. पैसे संपत आले तर कॉप-वन आणि आगोराए यांसारख्या विद्यार्थी संस्था अन्नधान्य मोफत किंवा नाममात्र दरात देतात. नावनोंदणी आधी करावी लागते आणि त्यासाठी विद्यार्थी कार्ड लागतं.

सत्र संपायच्या आधीच्या पंधरवड्यात इझ्लीत मोठी रक्कम भरू नका. उरलेले पैसे परत मागायला युरोपातलं बँक खातं लागतं, आणि ते खातं निघताना तुम्ही बंदच करणार असता. शेवटच्या आठवड्यात चार-पाच जेवणांपुरतीच शिल्लक ठेवा, आणि खातं बंद करायचं ते त्यानंतर.