शस्त्र, हात आणि वार : नव्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधील लढाईचे नियम

ठाण्यात पाचपाखाडीतील आमच्या घरी गेली काही वर्षे रविवारी दुपारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा, म्हणजे पात्रे घेऊन, फासे टाकत गोष्ट रचण्याच्या खेळाचा डाव बसतो. डंजन मास्टरची, म्हणजे गोष्ट पुढे नेण्याची आणि नियमांचा निवाडा करण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले ३८४ पानांचे नवे ‘प्लेयर्स हँडबुक’, म्हणजे खेळाडूंचे नियमपुस्तक, आता आमच्या टेबलावर चांगले रुळले आहे. त्यातील चित्रे, मंत्र आणि पात्रांचे वर्ग यांविषयी मी येथे लिहिणार नाही. लढाई ऐन रंगात आलेली असताना एखाद्या खेळाडूने “हे शस्त्र असं वापरता येतं का?” असे विचारले, तर हे पुस्तक किती नेमके उत्तर देते, एवढ्याच कसोटीवर हा अभिप्राय आहे.

जुन्या, २०१४ च्या पुस्तकात या बाबतीत एक अवघड गाठ होती. ‘हातघाईचा शस्त्रहल्ला’ आणि ‘हातघाईच्या शस्त्राने केलेला हल्ला’ असे दोन शब्दप्रयोग त्यात वावरत होते. वाचणाऱ्याला ते एकच वाटत, पण नियमांच्या दृष्टीने ते वेगळे होते, कारण मुठीचा प्रहार पहिल्यात बसे आणि दुसऱ्यात बसत नसे. पॅलाडिनच्या, म्हणजे धर्मयोद्ध्याच्या, ‘डिव्हाइन स्माइट’ या वाराला दैवी इजेची जोड देणाऱ्या शक्तीचे वाक्य पहिल्या शब्दप्रयोगाने सुरू होई आणि पुढे दैवी इजा ‘शस्त्राच्या इजेखेरीज’ होते असे म्हणे. मूठ हे शस्त्र नसल्यामुळे मुठीने स्माइट करता येत नाही, असा अधिकृत खुलासा पुढे देण्यात आला. आमची पॅलाडिन ऐरोलीहून लोकलने येते. तिचे पात्र एकदा नि:शस्त्र करून कोठडीत टाकलेले असताना तिने पहारेकऱ्याला ठोसा मारला आणि स्माइट जाहीर केला. त्या एका ठोशावर आमचे एकमत व्हायला बराच वेळ गेला. मी तेव्हा खुलाशाप्रमाणे नकार दिला, आणि आजही मला वाटते की मूळ वाक्याचा पहिला भाग तिच्या बाजूने होता.

नव्या पुस्तकाने ही गाठ सरळ सोडवली आहे. हातघाईचे शस्त्र किंवा मुठीचा प्रहार लागताच स्माइट करता येतो, असे तेथे स्वच्छ शब्दांत लिहिले आहे. त्याची किंमत मात्र वाढली आहे, कारण स्माइट आता रीतसर मंत्र झाला असून त्यासाठी बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीत एकदाच मिळणारी जादा कृती, खर्चावी लागते. एकाच पाळीत दोनदा स्माइट करण्याची सवय असलेल्यांना हे जाचेल. नियम वाचणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा बदल निर्विवाद चांगला आहे.

पुस्तकाच्या शेवटी दिलेला नियमांचा शब्दकोश ही या आवृत्तीची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. हल्ला म्हणजे काय, मुठीचा प्रहार म्हणजे काय, शस्त्र हाती घेणे म्हणजे काय, हे सर्व तेथे वर्णानुक्रमाने आहे आणि मजकुरात तेच शब्द त्याच अर्थाने येतात. आमच्यातील एक मैत्रीण ठाण्याच्या न्यायालयात वकिली करते. कोणताही कायदा वाचताना आधी व्याख्यांचे कलम उघडायचे, ही तिची शिस्त तिने आम्हा सर्वांना लावली. विशेष नियम सामान्य नियमाला बाजूला सारतो, हे तत्त्वही या पुस्तकात सुरुवातीलाच सांगितलेले आहे, त्यामुळे तिला आमचा खेळ पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला.

शब्दकोश मात्र तेथेच उपयोगी पडतो जेथे पुस्तक काही बोलते. दोन हलक्या शस्त्रांनी लढण्याच्या नियमात ते एका महत्त्वाच्या ठिकाणी गप्प राहिले आहे. जुन्या पुस्तकात जादा वार ‘दुसऱ्या हातात’ धरलेल्या वेगळ्या हलक्या शस्त्राने करायचा असे. नव्यात फक्त ‘वेगळे हलके शस्त्र’ एवढेच शब्द उरले आहेत. त्याच्या जोडीला हल्ल्याच्या प्रत्येक वारासोबत, वाराच्या आधी किंवा नंतर, एक शस्त्र काढण्याची किंवा ठेवण्याची मुभा आहे. शिवाय सिमिटर या वक्र तलवारीच्या ‘निक’ या कौशल्यामुळे, म्हणजे त्या शस्त्राला जोडलेल्या खास युक्तीमुळे, जादा वार बोनस ॲक्शन न खर्चता मूळ हल्ल्यातच उरकता येतो. माझा भाचा फायटर, म्हणजे शस्त्रनिपुण योद्धा, खेळतो. त्याने डाव्या हातात ढाल तशीच ठेवली, उजव्या हाताने आखूड तलवारीचा वार केला, ती म्यान केली, त्याच हाताने सिमिटर उपसली आणि दुसरा वार केला. मी हरकत घेतल्यावर तो शांतपणे म्हणाला, “मावशी, या पुस्तकात ‘दुसऱ्या हातात’ असं कुठे आहे ते दाखव.” मी दाखवू शकले नाही, कारण ते शब्द तेथे नाहीत.

लढाईतील एक राउंड सहा सेकंदांचा असतो. म्हणून आम्ही नकाशा आणि फासे बाजूला सारले आणि प्रत्यक्ष करून पाहिले. भाच्याच्या डाव्या हातात कुकरचे झाकण दिले, उजव्या हातात लाटणे, आणि उलथणे त्याच्या कमरेच्या पट्ट्यात खोचले. वकील मैत्रिणीने मोबाइलवर वेळ लावली. पहिल्या वेळी उलथणे पट्ट्यात अडकले. तिसऱ्या वेळी दोन्ही वार सहा सेकंदांच्या आत झाले, परंतु लाटणे खोचण्यासाठी तो खाली पाहू लागला की प्रत्येक वेळी झाकण गुडघ्यापर्यंत उतरत होते आणि त्याची छाती पूर्ण उघडी पडत होती. सर्वांनी ते पाहिले, त्याने स्वतःही मान्य केले.

माझा निवाडा त्यानंतर ठरला. अक्षरशः वाचले तर भाच्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि तसा खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला मी चूक म्हणणार नाही. पण ढालीमुळे बचावात मिळणारे दोन गुण ही एक हात गुंतवल्याची भरपाई आहे, आणि ढाल चढवायला किंवा उतरवायला स्वतंत्र ॲक्शन, म्हणजे पाळीतील मुख्य कृती, लागते. एका हाताने दोन शस्त्रांचा लाभ आणि दुसऱ्या हाताने ढालीचाही लाभ घेता आला, तर दोन शस्त्रे घेऊन लढणाऱ्याने ढाल का सोडायची, याला काही उत्तरच उरत नाही. त्यामुळे आमच्या टेबलावर जादा वारासाठी दोन्ही शस्त्रे दोन हातांत असावी लागतात. हा नियम पुढच्या रविवारपासून लागू केला आणि त्या दिवशी झालेले वार तसेच राहू दिले, कारण खेळाडूने लिहिलेल्या शब्दांवर विसंबून केलेली कृती मागाहून रद्द करणे मला न्याय्य वाटत नाही. ‘निक’ असलेले शस्त्र पहिल्या वाराचे असावे की जादा वाराचे, हेही वाक्यात सांगितलेले नाही. आम्ही ते जादा वाराचे धरतो. दोन-चार शब्द अधिक छापले असते तर हे सारे टळले असते, आणि या पुस्तकाबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

बाकीची शस्त्रकौशल्ये वाचताच समजतात. ‘ग्रेझ’मध्ये वार चुकला तरी थोडी इजा होते, ‘टॉपल’मध्ये शत्रू आडवा पडू शकतो, ‘क्लीव्ह’मध्ये शेजारच्या शत्रूवर एक वार मिळतो. जड शस्त्रांची अडचण पूर्वी पात्राच्या लहान आकारावर होती, ती आता १३ पेक्षा कमी ताकदीवर किंवा, धनुष्यासारख्या शस्त्रांत, चपळाईवर आहे. जाळे शस्त्रांच्या तक्त्यातून काढून साहित्यात टाकले आहे. पूर्वी जाळे सहज फेकता येई ते फक्त पाच फुटांपर्यंत, आणि तेवढ्या जवळ शत्रू असला की फेकणाऱ्याला डिसॲडव्हान्टेज लागे, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरावा लागे. त्यामुळे ते जवळजवळ निरुपयोगी होते, आणि हा बदल योग्य झाला.

आमच्या कथेची भूमी सह्याद्रीची आहे, त्यामुळे तक्त्यात नसलेली शस्त्रेही आम्हाला बसवावी लागली. दांडपट्ट्याचे पाते लांब आणि मूठ लोखंडी हस्तत्राणात बंद असते, म्हणून तो दोन हातांनी धरता येत नाही. आम्ही त्याला इजा मोजण्यासाठी लाँगसोर्ड या लांब तलवारीप्रमाणे आठ बाजूंचा फासा दिला, पण दोन हातांनी धरल्यावर मिळणारा दहा बाजूंचा फासा दिला नाही. वाघनखांचा प्रश्न अधिक खोल होता, कारण ती बोटांत घालून मुठीत लपवतात. तो मुठीचा प्रहार मानावा की शस्त्राचा वार? पुस्तकातील व्याख्या येथे कामी आल्या. इजा पोलादी नख्यांनी होते, हाताने होत नाही, म्हणून ते शस्त्र ठरले आणि खंजिराचेच नियम त्याला लागू केले, फक्त फेकण्याचा गुण वगळला. नव्या वस्तूला इतक्या सहज जागा करून देणारी रचना जुन्या पुस्तकात मला जाणवली नव्हती.

जो खेळ चालवणार आहे, त्याने हे पुस्तक घ्यावे आणि पहिल्या डावाआधी शब्दकोश एकदा सलग वाचून काढावा. जो फक्त खेळणार आहे, त्याने घाई करू नये. मूळ नियमांचा मोठा भाग ‘एसआरडी ५.२’ (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट) या नावाने २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध झाला आहे, आणि शस्त्रांचा तक्ता व त्यांची कौशल्ये त्यात आहेत. त्याच्यासोबत एक दोनशे पानी वही ठेवावी. आमच्या वहीत प्रत्येक निवाडा तारीख आणि कारणासह लिहिलेला असतो, आणि डाव सुरू होण्यापूर्वी कोणीही त्यावर फेरविचार मागू शकतो. सध्या तिच्यात विट्याची नोंद अपुरी आहे. फेकून दोरीने परत ओढता येणाऱ्या त्या भाल्याला फेकण्याचा गुण द्यायचा हे नक्की झाले आहे. दोरी ओढून तो हातात परत घेणे ही शस्त्र हाती घेण्याची नेहमीची मुभा मानायची की त्यासाठी बोनस ॲक्शन घ्यायची, यावर येत्या रविवारी वकील मैत्रीण आणि भाचा आपापली बाजू मांडणार आहेत.