एमआरआयची सीडी घरी उघडणारा डायकॉम व्ह्यूअर : काही महिन्यांच्या वापरानंतर

फिल्मच्या पाकिटात एक सीडी असते आणि बहुतेक घरांत ती तिथेच पडून राहते. ताईच्या लहान मेंदूत हिमँजिओब्लास्टोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी, पण दुर्मीळ गाठ निघाली, तेव्हापासून मी या सीडी एका फुकटच्या डायकॉम व्ह्यूअरमध्ये (डायकॉम म्हणजे स्कॅनच्या चित्रांचा फाइल-प्रकार) बघतोय.

आधी कटकटीचं. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, यूएसबीवरचा वेगळा घ्यावा लागतो. थेट सीडीवरून चालवलं तर चित्रं अडकतात. अख्खा फोल्डर आधी लॅपटॉपवर कॉपी करा.

पैसे वसूल (फुकट असलं तरी) होतात ते दोन सीरीज (एकाच स्कॅनमधले चित्रांचे वेगवेगळे संच) शेजारी लावून एकत्र सरकवताना. टी-टू नावाच्या संचात गाठीलगतची पाण्याची पांढरी पोकळीच डोळ्यांत भरते. कॉन्ट्रास्टनंतरच्या (शिरेतून औषध दिल्यावर काढलेल्या) टी-वन संचात तीच पोकळी काळी पडते आणि तिच्या कडेला चिकटलेली वाटाण्याएवढी गाठ लख्ख उजळते. न्यूरोसर्जन म्हणाले होते, नुसतं पाणी काढून भागत नाही, ती गाठ राहिली तर पोकळी पुन्हा भरते. ते नेमकं काय, हे घरच्यांना स्क्रीनवर दाखवता आलं. आईने तर दोनदा बघितलं.

निदान मात्र हे सॉफ्टवेअर करत नाही, कुणी तशी आशा ठेवू नये. मोठ्या माणसांत त्याच जागी दुसरीकडून पसरलेला कॅन्सर जास्त आढळतो, आणि किडनीचा असेल तर तो सूक्ष्मदर्शकाखालीही फसवतो. आमच्याकडे खात्री झाली ती ऑपरेशननंतर, बायोप्सीवरच्या इन्हिबिन या प्रथिनाच्या तपासणीने. एक खूण तर साध्या सीबीसी रक्ततपासणीत होती : हिमोग्लोबिन चढलेलं. ही गाठ कधीकधी एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक, तयार करते. साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत मुळाशी व्हॉन हिपेल-लिंडाऊ हा आनुवंशिक आजार असतो, म्हणून डोळ्यांचा पडदा, पोट, मणका आणि जनुक, सगळं तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेताना फिल्मचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. फोल्डर झिप करून द्या, म्हणजे त्यांना उजेड-काळोख हवा तसा बदलता येतो. नाव पुसायची सोय मेनूत आहे. फाइलच्या आत रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख असतेच.

आडवे काप जाड असतील तर उभं चित्र पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं. तो दोष स्कॅनचा, सॉफ्टवेअरचा नाही. फॉलो-अपची तुलना उत्तम होते. पाचपैकी चार. मोबाइलवरचं मात्र काढून टाकलं, बोटाने सरकवताना दोन-दोन काप निसटतात.